मे महिन्यातला समुद्र

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात धुळ्याहून आमच्या थोरल्या आत्याबाई जळगावी चार दिवस राहावयास आल्या असता, माझ्या भाच्याच्या दिवाणखान्यात नुकतीच येऊन बसलेली दोनशे लिटरांची काचेची पेटी, तीत पसरलेला निळसर उजेड आणि त्या उजेडात जागच्या जागी डुलत असलेले नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे बराच वेळ न्याहाळून, डोक्यावरचा पदर सावरीत त्यांनी एकच प्रश्न केला : "समुद्र घरमा कसाले लई उना रे भाऊ?" भाचा हसला, मीही हसलो. ते दोन मासे आत्याबाई धुळ्यास परतल्याच्या तिसऱ्या दिवशी मेले. त्यानंतर भाच्याने ती पेटी पुन्हा पहिल्यापासून उभी करण्याचा जो उद्योग आरंभिला, तो जवळून पाहिल्यावर माझे असे मत झाले आहे की, आत्याबाईंचा 'समुद्र घरात कशाला आणलास' हा प्रश्न आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक दुकानदाराने खाऱ्या पाण्याचा मासा विकण्यापूर्वी गिऱ्हाइकास विचारावा, आणि त्याचे उत्तर तोंडी न घेता लेखी घ्यावे.

खानदेशाचे समुद्राशी नाते एकाच दिशेचे आहे. गिरणा, पांझरा, वाघूर या साऱ्या नद्यांचे पाणी तापीच्या हवाली होते आणि तापी ते सुरतेपाशी समुद्रास नेऊन देते. तिकडून इकडे परत येते ते पावसाच्या रूपाने, आणि तेही हात राखून. जळगावाहून रेल्वेने सुरत तीनशे किलोमीटरांच्या आसपास, मुंबई चारशेहून अधिक. तेव्हा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला, ज्याचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले आणि जे पाहिल्यावाचून आमच्या पिढीतील खानदेशी माणसाची मुंबईवारी पुरी होत नसे, समोरच्याच समुद्राचा जो शेजार लाभला होता, तो जळगावच्या तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेस लाभणे अशक्य. येथे समुद्र बनवावा लागतो.

तो बनविण्याची कृती वरवर पाहता स्वयंपाकघरातील वाटते, आणि तेथेच पहिली फसगत होते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात हे खरे. परंतु त्यांत क्लोराइड १९ ग्रॅमांहून थोडे अधिक, सोडियम पावणेअकरा, सल्फेट पावणेतीन, मॅग्नेशियम सव्वा ग्रॅमावर, कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी चारशे मिलिग्रॅमांच्या आगेमागे, अशी जी ठरीव वाटणी पृथ्वीवरील सर्व महासागरांत जवळजवळ एकसारखी राखली गेली आहे, ती वाण्याकडील मिठाच्या पुडीत नसते. आमच्या शेजारच्या विदर्भातील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले पाणीही खारट लागते, आणि ती पूर्णा चांगदेवापाशी तापीस मिळते. पण म्हणून त्या विहिरीत प्रवाळ वाढावयाचे नाही. तेव्हा शुद्ध पाण्यात यासाठीच तयार केलेले क्षारमिश्रण मोजून घालावयाचे, ते दिवसभर ढवळत ठेवावयाचे, आणि द्राक्षबागाईतदार गोडी पाहण्यास वापरतात त्याच जातीच्या, फक्त क्षारतेची पट्टी असलेल्या अपवर्तनमापीच्या काचेवर थेंब टाकून आकडा पस्तिसावर आला की नाही ते पाहावयाचे. शुद्ध पाणी म्हणजे नळाचे नव्हे आणि बोअरचे तर मुळीच नव्हे; नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि बोअरच्या पाण्यातले नायट्रेट व जडपणा काढल्यावाचून ते पेटीत गेले, तर पुढील सहा महिने काचेवरील शेवाळ घासण्यात जातात.

भाच्याने एवढे सगळे केले होते. मग मासे का मेले? कारण पेटी भरल्यानंतर आठव्याच दिवशी त्याने ते आणले, आणि आठ दिवसांत पाणी खारे होते, वापरण्याजोगे होत नाही.

या एका वाक्याचा तपशील नीट समजून घेतल्यास या छंदातील निम्मे मृत्यू टळतील असे मला वाटते. मासा जे खातो त्यातील नत्राचा बराचसा भाग तो कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतो. समुद्रात तो अमोनिया कोठल्या कोठे विरून जातो. दोनशे लिटरांच्या पेटीत तो माशाच्याच श्वासात परततो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी, म्हणजे सामू ८.१ ते ८.४ या मर्यादेत, असल्यामुळे त्यात अमोनिया गोड्या पाण्याहून अधिक जहाल ठरतो आणि उष्णतेने आणखी जहाल होतो. याचा बंदोबस्त करणारे जिवाणू सृष्टीत आहेत : त्यांतील एका वर्गाचे अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या वर्गाचे त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. पण ही मंडळी खडकाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर वसती करण्यास चार ते सहा आठवडे घेतात. जुन्या कचेऱ्यांत जशी आवक बारनिशीत चढे, तेथून टेबलाटेबलाने पुढे सरके आणि अखेर निकाली निघे, तसा हा कारभार आहे. खालचे कारकून रुजू होण्यापूर्वीच वरून कागदांचा भारा येऊन पडला, तर दप्तर तुंबणार. भाच्याच्या पेटीत दप्तर तुंबले. दुकानदाराने त्याला एक अवाक्षर सांगितले नव्हते. सांगितले असते तर दीड महिना विक्री लांबली असती.

दुसरी एक गोष्ट दुकानदारासही बहुधा ठाऊक नसावी. मुंबईच्या कुर्ल्याच्या बाजारातून प्राणवायू भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यातून रात्रभर प्रवास करून मासा जळगावी येतो, तेव्हा त्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो. परंतु माशाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू उतरलेला असल्याने तो अमोनिया सौम्य रूपात पडून राहतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी फोडून तीत थेंबथेंब नवे पाणी तासन् तास सोडीत बसणे, जे आपणांस मायेचे वाटते, ते लांबून आलेल्या माशाच्या बाबतीत घातक ठरते. बंद पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळवावे, विक्रेत्याच्या पाण्याची क्षारता आधीच विचारून त्या क्षारतेचे पाणी तयार ठेवावे, आणि उघडल्यावर मासा विनाविलंब उचलून घ्यावा.

आता मे महिन्याकडे वळतो, कारण आमच्याकडे या छंदाची खरी जमाबंदी त्या महिन्यात होते. प्रवाळयुक्त पेटीस २४ ते २६ अंश तापमान मानवते. २८ पर्यंत निभते. तिशीपलीकडे दिवस काढावे लागले की प्रवाळांचा रंग उडू लागतो. जळगावचा पारा याच महिन्यात ४५ अंशांस जाऊन भिडतो, आणि वरच्या मजल्यावरील खोली रात्री बारालाही निवत नाही. वातानुकूलन यंत्र अखंड चालविणे ज्यास परवडते त्याने ते चालवावे, किंवा पाणी थंड करणारे चिलर नावाचे स्वतंत्र यंत्र घ्यावे. परंतु ज्यास दोन्ही परवडत नाही त्याच्या मदतीस आमची बदनाम हवाच येते, ही गोष्ट मला फार मौजेची वाटते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने पेटीवरील झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला की बाष्पीभवनाबरोबर उष्णता निघून जाते आणि पाणी दोन-चार अंशांनी उतरते. आणि हवा जितकी कोरडी तितका हा परिणाम मोठा, म्हणून मुंबईच्या दमट मे महिन्यात जो पंखा नाममात्र उपयोगी पडतो, तो जळगाव-धुळ्याच्या कोरड्या मे महिन्यात इमानाने काम करतो. तो दगा देतो श्रावणात. पारा बत्तीसवर, हवा ओलीचिंब, पंखा फिरतो आहे आणि पाणी उतरत नाही, अशा दिवसांची कल्पना नवशिक्यास नसते. उन्हाळा संपला म्हणून तो गाफील असतो.

पंख्याचे मोल मात्र पाण्याने चुकते करावे लागते. दोनशे लिटरांच्या पेटीतून दिवसाकाठी पाच लिटर पाणी उडाले असे धरू. उडते ते केवळ पाणी. मीठ आतच राहते. दोनशे लिटरांत सात किलो क्षार असतील तर पहिल्या दिवसाअखेर क्षारता ३५ वरून जवळजवळ ३६ होते, आणि आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही तर ४२ च्याही पुढे जाते; अपृष्ठवंशीय जीवांस, म्हणजे प्रवाळ, कोळंबी, शंख यांस, हा फरक सोसत नाही. येथे दुसरी फसगत होते. पातळी उतरली म्हणून माणूस खारे पाणी ओततो, आणि क्षारता आणखी वाढवितो. भर घालावयाची ती निव्वळ गोड्या, शुद्ध पाण्याची, आणि तीही रोज. आठवड्याची एकदम घातल्यास सात दिवसांचा चढ एका घटकेत उतरतो, आणि जीव चढाने नव्हे तर त्या उताराने जातो.

हे सारे ऐकून एखाद्यास वाटेल की खानदेशी माणसाने या वाटेस जाऊच नये. माझे मत उलट आहे. केळीच्या बागेत ठिबकाच्या नळीतून कोणत्या आठवड्यात किती खत सोडावयाचे याचा हिशेब ज्या जिल्ह्यात घरोघर चालतो, तेथील माणसास कॅल्शियम ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम तेराशेच्या आसपास, आणि क्षारधारकता आठ-नऊ जर्मन अंश अशी राखावयाची, आणि प्रवाळ जेवढे रोज खर्ची टाकते तेवढेच थेंबाथेंबाने परत द्यावयाचे, हे सांगण्यास वेळ लागत नाही. ते खर्ची टाकते हा शब्दही मी जाणून वापरला आहे, कारण प्रवाळाचा सांगाडा पाण्यातल्या कॅल्शियमचाच बनतो. हे थेंबाथेंबाने देणारा विकतचा डोसिंग पंप पाहून भाच्याने मला म्हटले होते, "मामा, हे तर आपलं ठिबकाचं व्हेंचुरीच आहे." अगदी तेच नव्हे; पण विचार तोच. आणि धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीचे जे बंधारे शतकानुशतके चालत आले, तेथे कोणाच्या शेतास केव्हा आणि किती पाणी मिळावयाचे हे पाटकरी ठरवी व त्यावर हवालदाराची देखरेख असे. पाणी कोणाच्या लहरीवर सोडलेले नसे. पेटीस असा एक पाटकरी लागतो. पुष्कळ घरांत मासे सर्वांचे असतात आणि पाणी कोणाचेच नसते.

विजेविषयी थोडक्यात. २५ अंशांच्या समुद्रजलात प्राणवायू लिटरास पावणेसात मिलिग्रॅमांच्या आसपासच सामावतो. गोड्या पाण्यात त्याच तापमानास सव्वाआठ. म्हणजे मुळातच भांडवल कमी, त्यात उकाड्याने आणखी घट, आणि त्यात भर दुपारी वीज गेली व पाणी खेळविणारे पंप थांबले, तर उष्णतेआधी गुदमरण्याचे संकट येते. घरच्या इन्व्हर्टरवर पहिला हक्क दिवाणखान्यातील पंख्याचा की पेटीतील पंपाचा, याचा निकाल घरात आधीच लागलेला असावा. बॅटरीवरील हवेचा पंप जवळ असल्यास हा तंटा उद्भवत नाही.

प्रवाळांविषयी माझे मत कठोर आहे, आणि ते काही वाचकांस रुचणार नाही. जळगावच्या सराफ बाजारात मंगळाच्या अंगठीसाठी पोवळे मागणारे गिऱ्हाईक पिढ्यान् पिढ्या येत आहे. ते तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले, आणि तोही एका प्राण्याचा सांगाडाच, हे अंगठी घालणारास क्वचितच ठाऊक असते. दिवाणखान्यातील पेटीत जे हवे असते ते जिवंत पोवळे. हा प्राणी आपल्या पेशींत सूक्ष्म शैवालांस आश्रय देतो आणि ती सूर्यप्रकाशात जे अन्न तयार करतात त्यावर मुख्यतः जगतो. पाणी फार तापले की हे कूळ आणि मालक यांचा तहनामा मोडतो, शैवाल बाहेर पडते, आणि प्रवाळ पांढरे पडून उपासमारीस लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर हेच घडले; त्याच वर्षी एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी हे विरंजन जगभर, चौथ्यांदा, पसरल्याचे जाहीर केले. खडक बांधणारी सर्व प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आणि त्यांच्याबरोबर समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली घातले गेले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीस बसविले गेले. तरीही 'एक तुकडा आहे, कोणास सांगू नका' असे म्हणणारा विक्रेता भेटतो. त्याच्याकडून तो तुकडा घेऊ नये. परदेशातून आलेला म्हणून सांगितला तरी दाखला मागावा, आणि दाखला नसल्यास जिना उतरावा. अॅक्रोपोरासारखे फांदीदार प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटरांच्या आगेमागे वाढते, आणि गोलाईचे पोराइट्स जेमतेम एक. जो डोंगर उभा राहण्यास आपल्या पणजोबांपासूनचा काळ लागला, त्याची खपली काढून ती मे महिन्यात तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवण्यात कोणता रसिकपणा आहे, ते मला कळलेले नाही. प्रवाळ पाहण्याची हौस असेल त्याने मालवणास जावे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले आहे, आणि मुखवटा लावून पाण्यात डोके घातले की मूळ प्रत पाहावयास मिळते.

माशांबाबत मी इतका आडमुठा नाही, परंतु तेथेही एक भेद ध्यानी धरावा. गोड्या पाण्यातील शोभेचे मासे बहुतांशी हौदांत पैदास केलेले असतात. खाऱ्या पाण्यातील बहुतांशी समुद्रातून धरलेले, आणि फिलिपाइन्स-इंडोनेशियाच्या बाजूस ते धरण्यासाठी सायनाइडचाही वापर होत आला आहे. अपवाद म्हणजे आपल्या दुकानांत 'निमो' या नावाने विकला जाणारा विदूषक मासा. तो बंदिवासात अंडी घालतो, पिले वाढतात; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम येथे त्याच्या पैदाशीचे तंत्र बसविले, आणि आपल्या राज्यात ऐरोलीस कांदळवन प्रतिष्ठानाच्या सहभागाने शोभेच्या सागरी माशांचे पैदास केंद्र उभे राहिले. हा मासा नीट ठेवल्यास वीस वर्षेही जगतो. वीस वर्षे म्हणजे मुलाच्या मुंजीपासून लग्नापर्यंत. पेटी घेताना हा विचार कोण करतो? याउलट निळा सर्जन मासा दोनशे लिटरांत कोंडणे म्हणजे घोड्यास न्हाणीघरात बांधणे होय, आणि मँडरिन मासा ज्या बारीक कवचधारी जीवांवर जगतो ते नव्या पेटीत नसल्यामुळे, पोपटी-निळ्या राजवस्त्रात तो आपल्या डोळ्यांदेखत उपाशी मरतो.

आणि नवा मासा, तो कोणताही असो, मूळ पेटीत थेट सोडू नये. निदान चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका माशाबरोबर येतो आणि सगळ्यांस घेऊन जातो. त्यावरील तांब्याचे औषध माशास तारते, पण प्रवाळ, शंख, कोळंबी यांस मारते, आणि खडकात मुरून राहते. म्हणून ते मुख्य पेटीत कधीही ओतावयाचे नसते.

आता आक्षेपाचा विचार. जेथे नळास दिवसांआड पाणी येते, तेथे घरात समुद्र पाळणे शोभते काय? मी हिशेब मांडून पाहिला. आठवड्यास वीस लिटर पाणी बदलावयाचे आणि उन्हाळ्यात पस्तीस लिटर भर, असे पंचावन्न लिटर शुद्ध पाणी. शुद्धीकरणात त्याच्या दुप्पट-तिप्पट वाया जाते असे धरले तरी एकूण दोनशे लिटरांच्या आसपास. खिडकीतला वाळ्याचा कूलर तेवढे पाणी चार-पाच दिवसांत पितो, आणि त्याबद्दल कोणी कोणास जाब विचारीत नाही. वाया जाणारे पाणी बादलीत धरून लादी पुसण्यास व संडासास वापरता येते, भाचा वापरतो. बदललेले खारे पाणी मात्र कुंड्यांस किंवा परसातल्या केळीस घालू नये, कारण वीस लिटरांत सातशे ग्रॅम मीठ असते, आणि जमीन ते विसरत नाही.

तेव्हा माझी सूचना एवढीच आहे. दुकानदाराने पेटी, वाळू, खडक आणि क्षारमिश्रण आज विकावे, आणि मासा विकण्यास सहा आठवड्यांची मुदत घालावी. त्या मुदतीत गिऱ्हाइकाने एक वही ठेवावी : तारीख, तापमान, क्षारता, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, भर घातलेले पाणी. सहा आठवड्यांनी वही दाखवावी. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकले असतील तरच मासा मिळावा. ज्यास वही ठेवण्याचा कंटाळा येतो त्याचा पेटीचा कंटाळाही दूर नसतो, आणि तो मासा न घेता परतला तर दुकानदाराचे एका माशाचे नुकसान होईल, माशाचे मुळीच होणार नाही. यास सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. जळगाव-धुळ्यात ही दुकाने आहेत ती किती!

भाच्याची वही आता दुसऱ्या वर्षात आहे. यंदा आखाजीस, म्हणजे अक्षय्यतृतीयेस, घरातील सर्व मंडळी पाच दिवस अमळनेरास गेली होती, आणि मागे राहिल्या होत्या त्या आत्याबाई. घागर भरण्याचा त्यांचा विधी धुळ्यास व्हावयाचा तो यंदा जळगावी झाला. तांब्याचे माप आणि काचेवरची खूण दाखवून भाचा गेला. परतल्यावर त्याने वही उघडली, तर पाचही दिवसांपुढे थरथरत्या अक्षरांत पाणी ५ लिटर अशी नोंद होती, आणि तिसऱ्या दिवसापुढे समासात लिहिले होते : "पंखा बंद व्हता. चालू कया."